नारळ वाजावा, पॉवर सप्लाय वाजू नये

मंडळी, आमच्या नागावच्या होमस्टेचा कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून आज सकाळी अलिबागहून स्वस्तातला पॉवर सप्लाय आणला. कंपनीचं नाव बापजन्मात ऐकलेलं नाही!

सासूबाईंनी तो नारळासारखा कानाशी धरून हलवला. "वाजतोय गो, चांगला हाय!"

दुरुस्तीला आलेले दादा दचकलेच. "काकी, नारळ वाजला तर चांगला. हा वाजला म्हणजे आत काहीतरी सुटलंय!"

तो परत दुकानात नेला. दुकानदाराने उघडून पाहिलं, तर आत सुटा स्क्रू. बिचाऱ्याने लगेच त्याच कंपनीचा दुसरा दिला. सासूबाईंनी तोही हलवला, मगच बसवू दिला. दुपारपासून कॉम्प्युटर मस्त चालू आहे.

अनोळखी कंपनीच्या मालावर तुम्ही विश्वास ठेवता का? मी ठेवते, पण आधी तो सासूबाईंच्या कानाशी नेते.