भाड्याचे कान

सोजरबाई माळीण माणसाची किंमत त्याच्या पाण्यावरून करायची. ज्याच्या विहिरीला वैशाखात पाणी, तो माणूस. बाकीचे नुसते बोलणारे. या मोजमापात लिंडल साहेब तेवढा बसत नसे. मालेगावाबाहेर वाशीमच्या रस्त्यावर बंगला बांधून राहिलेला हा अमेरिकन पाद्री. त्याच्यासारखा बोलणारा तिनं पाहिला नव्हता, आणि त्याच्या विहिरीसारखी विहीरही.

तिच्या मळ्यातली विहीर फाल्गुनातच तळ दाखवायची. बांधापलीकडची बंगल्याची विहीर आटलेली कुणाला आठवत नव्हती. १९२१ साली तिचा नवरा शालिग्राम साहेबाकडे गेला आणि सौदा ठरवून आला. रोज सकाळी दोन तास मोट हाकायची, पाणी पाटानं आपल्या वाफ्यांत घ्यायचं. बदल्यात पैसा नाही. बुधवारी आणि रविवारी दिवेलागणीला ओसरीवर बसून साहेबाचं प्रवचन ऐकायचं.

"म्हंजे कान भाड्यानं देऊन आले तुमी," सोजरबाई म्हणाली.

"कानाले काय लागते व? एकातून घ्याचं, दुसऱ्यातून सोडाचं."

असा तो बारा वर्षं बसला. खांबाला पाठ टेकून, मान हलवत. साहेबाचं तोंड उकाड्यानं पिकल्या भेदऱ्यासारखं लाल व्हायचं, घाम कॉलरात जिरायचा, पण प्रवचनातलं हरवलेलं मेंढरू काही सापडायचं नाही. पुढच्या बुधवारी ते पुन्हा हरवलेलं असायचं. सोजरबाईला या घराची कीव येत नसे, किळस येई. मडमेला तीन लेकरं झाली. एक तापानं गेलं, ते कंपाउंडातल्या निंबाखाली पुरलं. उरलेली दोन सहा वर्षांची होताच दूर थंड हवेच्या शाळेत धाडली. स्वतःची लेकरं परक्याच्या हाती देऊन ही माणसं दुसऱ्यांना आकाशातला बाप दाखवत फिरत होती. साहेबानं एकदा भर वैशाखात विलायती कोबी लावला. आठ दिवसांत करपला. त्या करपलेल्या वाफ्यापुढे उभं राहून त्यानं देवाचे आभार मानले, ते तिनं बांधावरून पाहिलं होतं.

या सगळ्याचा तिला एकच उपयोग होता. बाजाराच्या दिवशी वांगी विकताना ती रिकामी टोपली टोपीसारखी डोक्यावर घ्यायची, दोन्ही हात पसरायची आणि साहेबाच्या पुस्तकी मराठीत म्हणायची, "प्रिय भगिनींनो, तुम्ही अंधारात आहात." बायका पोट धरून हसत. गोमतीबाई नावाची एक जुनी गिऱ्हाईक दर वेळी म्हणायची, "मंग उजेडात दाखव न वं, किडकं त नाही?" आणि शेरभर जास्त घेऊन जायची.

१९३३च्या चैत्रात बातमी आली. अमेरिकेत मंदी होती, मिशनचा पैसा आटला होता. तीन गोरे म्हातारे येऊन कुठला बंगला ठेवायचा, कुठला विकायचा ते ठरवणार होते. बारा वर्षांत या बंगल्यानं एकही माणूस ख्रिस्ती केला नव्हता. पगारी उपदेशक सेवादास होता, पण तो अमरावतीकडून बाप्तिस्मा घेऊनच आलेला. साहेबापाशी दाखवायला एकटा शालिग्राम होता. दर वर्षी तो मायदेशी लिहायचा की एक माळी दाराशी येऊन उभा आहे, आता आत येईलच.

बंगला विकला की विहीर गेली, हे शालिग्रामला कुणी सांगावं लागलं नाही. सेवादासनं त्याला म्हाताऱ्यांपुढे म्हणायला एक वाक्य पाठ करायला दिलं. मोट हाकता हाकता तो ते घोकू लागला: माझ्या अंतःकरणात प्रकाश पडला.

पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यांत वळवत दारं मोडता मोडता सोजरबाईनं ते ऐकलं. फावडं टेकून ती म्हणाली, "कान भाड्यानं देल्ले, मी काई बोललो नाही. आता जीभ बी देता काय?"

"एका वाक्यानं वांग्याचा मया वाचते."

"कान फुकटचा असते. जीभ आपली असते."

म्हातारे जऊळक्याच्या स्टेशनावर आगगाडीतून उतरले आणि बैलांच्या दमणीत बसून आले. ओसरीवर सतरंजी पसरली होती. शालिग्राम उभा राहिला, विहिरीकडे बघत वाक्य बोलला आणि मटकन बसला. सेवादासनं इंग्रजी केलं. पेन्सिली चालल्या. मग त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्यानं पायरीवर बसलेल्या सोजरबाईकडे बोट करून काही विचारलं. सेवादासनं ते सांगितलं: तुझ्या नवऱ्यात बदल दिसला का?

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मार खाल्लेल्या बैलासारखा तो खाली बघत होता.

"झाला न बदल," ती म्हणाली. "पयले झोपताना डोये लावत होते, आता उघड्या डोयानं झोपतेत. बारा वर्सं पान्यापायी कान देल्ले जी. मनात काई गेलं नाही. पानी चांगलं होतं, थे आमी घेतलं."

सेवादास हसत हसत इंग्रजीत बरंच काही बोलला. म्हाताऱ्यांच्या माना डोलल्या, पेन्सिली पुन्हा चालल्या. तेवढ्यात लिंडल साहेब उठला. तो तीन-चार वाक्यंच बोलला. एकदा त्यानं तिच्याकडे हात केला, एकदा स्वतःच्या छातीकडे. पेन्सिली थांबल्या. दारात चहा घेऊन उभी असलेली मडम तशीच उभी राहिली.

काय झालं ते सोजरबाईला विहिरीपाशी कळलं. सेवादास मागून धावत आला होता.

"मी सावरलं होतं बाई. तू म्हणते, नवरा देवमाणूस झाला, असं त्यायले सांगितलं होतं. त्या येड्या साहेबानं उठून तुह्यं बोलनं जसंच्या तसं सांगून टाकलं. आता मी खाऊ काय?"

बारा वर्षांत साहेब पहिल्यांदा काही ऐकण्यासारखं बोलला होता, आणि तेही तिला न कळणाऱ्या भाषेत.

पंधरा दिवसांत बंगला विकला गेला. साहेब आणि मडम बैलगाडीतून जऊळक्याला निघाले, तेव्हा ती वाफ्यात होती. साहेबानं टोपी काढली. तिनं फावडं टेकलं. नव्या मालकानं, एका कापसाच्या व्यापाऱ्यानं, विहिरीभोवती तार ओढून फाटकाला कुलूप घातलं. वैशाखात मेथी गेली, मग भेंडी. नदीतून घागरी आणून तिनं वांग्याचे दोन वाफे तेवढे जगवले. शालिग्राम रोज म्हणायचा, तुह्या जिभेनं मया जाळला. ती घागर उचलून नदीकडे निघायची.

बाजारात ती अर्धी टोपली वांगी घेऊन बसली. गोमतीबाई आली आणि म्हणाली, "साहेबाची नक्कल कर न वं, लय दिस झाले."

सोजरबाईनं वांगी पदरावर ओतली, टोपली डोक्यावर घेतली. हात पसरण्याआधीच खाली ठेवली. मग हात पोटावर जुळवले, मान तिरकी केली, तोंडावर मऊ हसू आणलं आणि सेवादास होऊन म्हणाली, "साहेब, बाई म्हणते, नवरा देवमाणूस झाला."

बायका हसल्या, पण साहेबाला हसायच्या तेवढ्या नाहीत. गोमतीबाईनं त्या दिवशी पावशेरच घेतली.