मार्जार मंडळाचा चौथा नियम

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा समस्त नागरिकांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की कोलकाता मासळीबाजार मार्जार मंडळाचा नियम क्रमांक चार कायमचा रद्द झालेला आहे. हे वाक्य वाचकांनी शक्यतो उभं राहून वाचावं. बसला असाल तर राहू द्या, पण पाठ तरी ताठ करा.

मंडळ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक ग्रुप. संस्थापक, घटनाकार आणि तहहयात अ‍ॅडमिन : मी.

पाच वर्षांपूर्वी केंद्र सरकारनं मला उचलून कोलकात्यात, सॉल्ट लेकमध्ये आणून ठेवलं. आम्ही नवरा-बायको पक्के शाकाहारी, आणि आमच्या ब्लॉकच्या बाजारात भाजीकडे जायचा रस्ता मासळीच्या गल्लीतून. बायको नाकाला पदर लावून, डोळे मिटून ती गल्ली पार करायची आणि मी तिचा हात धरून वाट दाखवायचो. अशाच एका सकाळी मला एक मांजर दिसलं. उपड्या टोपलीवर बसलं होतं. समोर माशांची डोकी मांडलेली, पण त्यांच्याकडे ढुंकून बघणं नाही. फाइली येतील, सह्या होतील, घाई कसली, असा चेहरा. माझे तीन वरिष्ठ मला एकदम आठवले. मी फोटो काढला आणि इथल्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपवर टाकला.

तिथे गुलाबाची फुलं आणि सुप्रभात चालायचं. मला ताबडतोब समज मिळाली की हा ग्रुप अशा गोष्टींसाठी नाही. पण दुपारपर्यंत चौघांनी गुपचूप वेगळे मेसेज पाठवले. सगळ्यांचा मजकूर साधारण एकच : ‘आमच्या बाजारात याहून माजलेलं आहे.’

झालं मंडळ सुरू. मग त्या चौघांचे बंगाली शेजारी आले, त्यांच्या ऑफिसातली माणसं आली. कुणी मराठीत लिही, कुणी बंगालीत, कुणी हिंदीत. मांजरांची कशालाच हरकत नव्हती. टोपलीवरच्या मांजराचं नाव पडलं ‘डायरेक्टर’. बजबजच्या स्टेशनजवळच्या बाजारातली एक कान तुटलेली मांजरी ‘थोरल्या बाई’. थोरल्या बाईंचे फोटो टाकायचे ते तिथले एक निवृत्त शिक्षक. जन्म इथलाच, मराठी घरी शिकलेली, पण सूर अस्सल बंगाली. त्यांना सगळे मास्तरमोशाय म्हणत. ते रोज मासे घ्यायला जात आणि मी मासे खात नाही याचं त्यांना मनापासून दुःख होतं. “आरे मोशाय, तुम्ही देवळात जाऊन फक्त चपला बघून येता!” असं ते मला फोनवर म्हणाले होते.

आता मी पडलो सरकारी माणूस. चार माणसं एकत्र दिसली की माझा हात नियमावलीकडे जातो. नियम एक : फोटो त्याच दिवशीचा, स्वतः काढलेला. नियम दोन : गुलाब नाही, सुप्रभात नाही. नियम तीन : आठवड्यातून एक फोटो टाकलाच पाहिजे, नुसतं बघत बसायचं नाही. आणि नियम चार : जो कोलकाता सोडेल त्यानं त्याच दिवशी मंडळ सोडायचं.

या चौथ्यावर माझा फार जीव. आमच्यातले निम्मे बदलीवाले, त्यामुळे प्रसंग वारंवार येई. मी नाटकातल्या घोषणेच्या आवाजात निरोपाचा संदेश रेकॉर्ड करायचो, शेवटी शेजारच्या काकींकडून शंख फुंकवून घ्यायचो, आणि शंख संपता संपता माणूस बाहेर. लोक खूश, मी त्याहून खूश.

मग बँकेतल्या ताईंची इंदूरला बदली झाली. त्या एस्प्लनेडच्या शाखेत होत्या आणि जेवणाच्या सुट्टीत जवळच्या बाजारात जाऊन फोटो काढायच्या. त्यांनी मला लिहिलं, ‘साहेब, फोटो टाकणार नाही. नुसतं बघेन. चालेल?’

मी उत्तरादाखल दोन आकडे पाठवले, तीन आणि चार, आणि शंख वाजवला.

“किती हो दुष्ट तुम्ही,” बायको म्हणाली. फोन तिच्याच हातात होता. सकाळच्या चहाच्या वेळी तो तिच्याकडेच असायचा.

“तुला काय करायचंय? तू तर मांजर म्हटलं की नाक मुरडतेस.”

“मी आपलं तापमान बघत होते,” ती म्हणाली आणि फोन उपडा ठेवला.

यंदाच्या जानेवारीत माझा आदेश आला. जबलपूर. पंधरा दिवसांत हजर व्हा.

माझी ही आठवी बदली. सामान बांधायची मला भीती नाही. खोकी आम्ही उघडतच नाही, नुसती हलवतो. पण या वेळी आदेश वाचल्यावर पहिला विचार आला तो थोरल्या बाईंचा. त्यांना पिल्लं व्हायची होती आणि किती झाली हे मला कळणार नव्हतं. आधीच्या सात गावांत मला ओळखणारी माणसं ऑफिसची होती, खुर्ची सुटली की ओळख सुटली. इथे मात्र रोज सकाळी कुणीतरी माझी वाट बघत होतं, तेही खुर्चीसाठी नाही. मी मास्तरमोशायांना मेसेज लिहायला घेतला : ‘फोटो टाकणार नाही. नुसतं बघेन.’ आणि थांबलो. हे वाक्य मी कुठे वाचलं होतं ते आठवलं. खोडून टाकलं.

सज्जन माणूस इथे शरमून गप्प बसला असता. मी कट रचला.

माझ्या फोनमध्ये न टाकलेले ढीगभर फोटो होते. बदलीची गोष्ट कुणाला सांगायचीच नाही, जबलपूरला बसून रोज त्यातला एकेक टाकायचा. मांजर काय, सहा महिन्यांपूर्वी जसं बसतं तसंच आजही. जायच्या आधी रंगीत तालीम हवी म्हणून एके सकाळी, घरात खोकी बांधता बांधता, मी डायरेक्टरचा एक उत्तम फोटो सोडून दिला. ‘आजचा,’ असंही लिहिलं.

पाच मिनिटांत मास्तरमोशाय हजर. ‘मोशाय, मांजराच्या डावीकडे काय आहे?’

मी फोटो मोठा करून बघितला. ‘मासे,’ मी लिहिलं.

‘कोणते?’

‘चकचकीत.’

‘इलिश आहे ती! अख्खा ढीग! पौष महिन्यात बर्फातली एखाददुसरी मिळेल, ढीग पावसाळ्यातच लागतो. सॉल्ट लेकला आज इतकी इलिश आली असेल तर मी चप्पल न घालता निघतो.’

त्यानंतर ग्रुपवर जो गदारोळ झाला त्यात मांजराविषयी एक अक्षर नव्हतं. अर्धं मंडळ खरोखरच पिशव्या घेऊन बाजाराकडे निघालं होतं. पाच वर्षं त्या गल्लीत रोज उभा राहून मी एकही मासा बघितला नव्हता. मी कबुलीजबाब दिला : कट, जबलपूर, सगळं.

रविवारी खटला भरला. एस्प्लनेडला एका जुन्या चहा-कटलेटच्या दुकानात वरचा मजला, दोन टेबलं जोडलेली. इतक्या वर्षांत मंडळ पहिल्यांदाच एकमेकांसमोर बसलं होतं. जो तो येऊन आधी आपलं मांजर सांगे, मग ओळख पटे. बायको माझ्या शेजारी बसली होती, “मी फक्त चहासाठी आलेय,” असं सगळ्यांना सांगत. मास्तरमोशायांनी सॉसच्या बाटलीला टेकवून एक फोन उभा केला. त्यात इंदूरच्या ताई. फिर्यादी म्हणून.

मी उभा राहिलो. भाषण तयार होतं, पण ताईंचा चेहरा बघून ते विसरलो. “ताई, माझं चुकलं,” एवढंच म्हणालो.

“साहेब, इंदुरातही मांजरं आहेत हो,” त्या म्हणाल्या. “पण इथे ती सांगायची कुणाला?”

मी तिथेच, सगळ्यांदेखत, त्यांना पुन्हा मंडळात घेतलं. टाळ्या पडल्या. मास्तरमोशाय मात्र गंभीर.

“म्हणजे आरोपीनं चौथा नियम आणखी एकदा मोडला,” ते म्हणाले. “ताई राहतील, तो मंडळाचा निर्णय. पण घटनाकारानं स्वतःचा नियम पाळायला नको? आज पाळा. काय हो, शंख आणलाय ना?”

काकींनी पिशवीतून शंख काढला. सगळे हसू दाबत होते ते मला दिसत होतं, पण गंमत कुठे संपते ते मला कळेना. मीच तर लोकांना असं बाहेर काढत आलो होतो. मी ग्रुप उघडला, शेवटपर्यंत खाली गेलो, ‘ग्रुप सोडा’वर अंगठा नेला. काकींनी गाल फुगवले.

तेवढ्यात माझ्या मनगटावर बायकोचा हात पडला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, “अहो, नका ना बाहेर पडू! मग मी रोज सकाळी चहाबरोबर काय बघू?”