जास्तीचा पीळ

दुकान उघडण्याआधी चौकातल्या झेंड्याच्या खांबाला नमस्कार. कुठं राष्ट्रगीत लागलं की हातातला चहा खाली ठेवून ताठ उभं राहणं. पडलेली पाकळी न ओलांडणं. घरात रत्नम्माशी कन्नड, दुकानात मराठी. आणि नवा माणूस दिसला की नावाआधी एकच प्रश्न, "गाव कोन्तं?"

असा देगलूरचा फुलवाला मलप्पा. सव्वीस जानेवारीला झेंड्यात फुलं गुंडाळून गाठ मारायचा मान त्याचा. दोरी ओढली की फुलं पडायची. लोक आधी झेंड्याकडे बघायचे, मग त्याच्याकडे.

यंदा नगराध्यक्ष आप्पासाहेबांनी ते काम समोरच्या मंडपवाल्या नरसिमलूला दिलं. नरसिमलू तेलंगणातून आलेला. सदा हसरा. मलप्पाला ते हसू दातात अडकलेल्या सुपारीसारखं सलायचं.

"बाहेरचा मानूस आपला झेंडा बांधनार?"

रत्नम्मा हार ओवत होती. "झेंडा काय देगलूरचा हाय? तिकडं बी ह्योच हाय की. आन् मी कुठली? कर्नाटकातल्या औरादची. मला बी हाकला."

नरसिमलू फुलं मागायला आला.

"संपली," मलप्पा म्हणाला. मागं झेंडूची टोपली भरलेली होती.

"बरं, अण्णा." हसत गेला. दुसरीकडून आणली.

पहाटे मलप्पा चौकात गेला. झेंडा वर बांधून तयार होता. त्यानं तो खाली घेतला. गाठ हुबेहूब त्याच्यासारखी. तेच जास्त झोंबलं. त्यानं एक पीळ जास्तीचा मारला आणि झेंडा परत वर चढवला.

आप्पासाहेबांनी दोरी ओढली. झेंडा सुटेना.

"बाहेरच्याला दिलं की असंच हुतंय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

नरसिमलूचं हसू गेलं. मलप्पाला हेच हवं होतं. आता बघवेना.

"अण्णा, तुमीच बगा," नरसिमलू म्हणाला.

मलप्पानं झेंडा खाली घेतला, आपलाच पीळ सोडवला, पुन्हा वर चढवला. या वेळी फुलं पडली. टाळ्या.

"आपला त्यो आपलाच!" आप्पासाहेब म्हणाले.

"न्हाई आप्पासाहेब, त्याची गाठ..."

राष्ट्रगीत सुरू झालं. मलप्पा ताठ उभा राहिला.

दुपारी तो नरसिमलूसाठी हार ओवायला बसला. हार द्यायचा आणि खरं सांगायचं. पण शाबासकी द्यायला माणसं येत राहिली. दर वेळी तो सुई ठेवायचा. हसायचा.

"ह्यो हार कुनाचा?" सांजेला रत्नम्मानं विचारलं.

निम्मा हार ओल्या फडक्यावर पडला होता. सुई एका झेंडूत तशीच.