अप्पांचा टंबलर

निवृत्तीनंतर मी गाणं शिकेन, असं घरात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पण त्यागराजांच्या, गाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या तिरुवैयारूला जाऊन मी शिकायला लागले ते चाकावर मातीची भांडी करायला. शिकवणारी माझ्या लेकीच्या वयाची, उत्तरेकडून आलेली. दर शनिवारी टाउन बसनं जायचं आणि कोपरापर्यंत चिखल माखून परत यायचं. पहिले चार महिने माझ्या भांड्यांना घरात कुणी नावं ठेवली नाहीत, कारण ती नक्की कशाची भांडी आहेत हेच कुणाला कळत नव्हतं.

मग मला खरं काम सापडलं. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर गेल्या वर्षी जवळजवळ गेली. रोज चार वाजता त्यांचे एक जुने मित्र येत, दोघं व्हरांड्यात कॉफी पीत आणि एकमेकांना खोटं पाडत. एकदा चाचपडताना अप्पांचा हात चुकला आणि मित्राचीच गरम कॉफी मित्राच्या मांडीवर सांडली. स्टीलचे टंबलर, म्हणजे आमचे कॉफीचे पेले, सगळे सारखे, गुळगुळीत. आपला कुठला हे हाताला कळणार कसं? तेव्हापासून अप्पा आतल्या खोलीत एकटे कॉफी घ्यायला लागले. मित्र आले की झोपेचं सोंग. मला ते बघवत नव्हतं.

हाताला ओळखू येईल असा टंबलर मी करायचं ठरवलं. शिक्षिकेनं रीत सांगितली. चाकावर जाड भिंतीची नळी उठवायची, बाहेरून लाकडी कंगव्यानं उभ्या रेघा ओढायच्या आणि मग फक्त आतून बोटांनी फुगवायचं. माती ताणली की रेघा आपोआप रुंद आणि खडबडीत होतात. बाहेरून मात्र हात लावायचा नाही. माझा हात सारखा बाहेरून पुसायला जाई. जन्मभर ओटा पुसल्याचा परिणाम, दुसरं काय! तीन नळ्या वाया गेल्या, चौथी जमली. कपाचा काठ हाताला नाही, ओठाला बरा वाटला पाहिजे, असं शिक्षिका म्हणाली. मी मनात हसले. आमच्या घरात टंबलरला ओठ लावतं कोण? आम्ही वरूनच तोंडात धार ओततो. काठ मी गोल, गुबगुबीत ठेवला आणि टंबलर भट्टीत दिला.

भाजून आल्यावर अप्पांना हाताला धरून व्हरांड्यात आणलं. मित्र आलेलेच होते. अप्पांनी रेघांवरून बोट फिरवलं, खूश झाले, आणि मान मागे टाकून टंबलर उंच धरला. वरून धार पडायची तर काठ पातळ आणि बाहेर वळलेला हवा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कॉफी त्या गुबगुबीत काठावरून मागे वळली, माझ्या सुंदर रेघांतून ओळीनं अप्पांच्या कोपरापर्यंत गेली आणि तिथून नेसलेल्या पांढऱ्या वेष्टीवर. आत न्यावं म्हणून त्यांनी नुसता हात पुढे केला. मला रडू आलं, आणि स्वतःचा संतापही.

पुढच्या शनिवारी मी पिशवीत घालून घरचा स्टीलचा टंबलर नेला. त्याचा काठ शिक्षिकेला दाखवला, वरून पाणी कसं प्यायचं तेही दाखवलं. तिनं करून पाहिलं, तर पाणी नाकात गेलं आणि कुर्ता भिजला. ठसका थांबल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग तिनं माझ्या शेजारी बसून नव्या टंबलरचा काठ माझ्याकडून पाच वेळा वळवून घेतला.

नवा टंबलर भाजून आला, पण अप्पा बाहेर यायला तयार नव्हते. मी हट्टाला पेटले. आधी न्हाणीघरात पाण्यानं सराव करून घेतला, मगच कॉफी ओतली. व्हरांड्यात धार सरळ त्यांच्या तोंडात पडली. एक थेंब इकडेतिकडे नाही.

बघू तरी काय आहे, म्हणत मित्रांनी हात पुढे केला. अप्पांनी टंबलर छातीशी धरला.

"हा माझा आहे. तुझा स्टीलचा," ते म्हणाले. मग हळूच, "उद्या चारला ये. मी झोपणार नाही."