फेरातली त्याची जागा

आमच्या फेरात जागा कधी रिकामी राहत नाही. नाचता नाचता कोणी पाणी प्यायला बाहेर पडली की शेजारचे दोघं अर्धं अर्धं पाऊल सरकतात अन् फेर भरून निघतो. हे कोणी शिकवत नाही, पायांनाच कळतं. मी फुलसावंगीकडची लेक, दारव्ह्याकडच्या तांड्यात नांदायला आले, तरी इथल्या पहिल्या होळीला माझे पाय चुकले नाहीत. आमच्या तांड्यात होळीला बाया-बापे एकाच फेरात नाचतात.

लिहायला मात्र उशिरा शिकले, लेकाच्या पहिलीच्या पुस्तकावरून. तो मोठा झाल्यावर लोकांना जमिनीचे अर्ज लिहून द्यायचा, सभेत उभा राहून प्रश्न विचारायचा. त्याला नेलं ते सकाळी. गोठ्यात ढोरांसाठी घमेल्यात सरकीची ढेप कालवत होता. चार माणसं आली, अंगावर साधे कपडे, गाडीला नंबर नाही. दोन गोष्टी विचारायच्या आहेत, संध्याकाळी सोडतो, म्हणाली. तो मला म्हणाला, “याडी, हात धुऊन येतो म्हणा याइले.” आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. त्यातला एक म्हणाला, “तिकडं धू.” ढेपेच्या हातानंच नेलं त्याला.

ती संध्याकाळ अजून यायची आहे.

कचेरीत गेलो तर म्हणे, आम्ही कोणाला आणलंच नाही. कागदावर लिहिलं, ‘घरातून निघून गेला.’ मी ते उलट्या बाजूनं वाचलं. मला वाचता येतं हे त्यांना कुठं ठाऊक. म्हटलं, “साहेब, निघून नाही गेला. नेला. दोनच अक्षरं हायेत, तेवढी लिहा.”

“आजी, कागदाला आईची माया चालत नाही,” साहेब म्हणाला. “पुरावा लागतो.”

तेव्हापासून मला तेवढंच हवं होतं. तो येईल तेव्हा येईल, पण कागदावर ‘नेला’ पाहिजे. निघून गेलेल्याला कोणी शोधत नाही हो.

यवतमाळची एक बाई आमच्यासाठी धावपळ करायची. नोकरदारांच्या घरातली, माणसांच्या हक्कांसाठी हिंडणारी. दारव्ह्यापर्यंत बस, पुढं जीपमध्ये कोंबून यायची. निवेदनं झाली, कोर्टात अर्ज झाला. एका दुपारी ओट्यावर बसून ती म्हणाली, “आजी, तुमच्यात गाऊन रडायची रीत आहे ना? कचेरीसमोर तसं रडलात तर?”

“ते मेलेल्याले रडतेत, नाहीतर सासरी निघालेल्या पोरीले. माहा लेक ना मेला, ना सासरी गेला. जित्याले कायले रडू?”

“मग जित्यासाठी काय करता?”

“नाचतो,” आतून सून म्हणाली.

त्याला नेल्यापासून दोन वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. तिच्या केसांत चांदीच्या घुगऱ्या अजून होत्या. नवरा जिता असला की बाई त्या घालते. विहिरीवर बाया कुजबुजायच्या, ती ऐकून घ्यायची अन् घागर भरून यायची.

ठरलं. कचेरीसमोर फेर धरायचा, त्याची जागा मोकळी ठेवून. माझ्या अन् सुनेच्या मध्ये. पण तांड्यात तालीम केली तर दोन फेऱ्यांत जागा भरून जायची.

“अवं, तुले सांगतलं ना, सरकू नको.”

“काकी, मी कुठं सरकून राह्यली, पाय सरकून राह्यले.”

यवतमाळच्या बाईनंही पदर खोचला. तिला ना ठेका जमे, ना वळण. एक म्हातारी म्हणाली, “हिलेच उभी करा त्या जागी. हिचे पाय कुठंच जात नाहीत.” बाया हसल्या, बाईही हसली. मग सगळ्यांना जागा कोणाची आहे ते आठवलं.

शेवटी सुनेनं गोठ्यातलं घमेलं आणून मध्ये ठेवलं. त्या दिवसाची ढेप त्याला तशीच वाळून चिकटलेली. तिनं ते धुतलंच नव्हतं, अन् मला दोन वर्षं कळलं नव्हतं. घमेलं आल्यावर कोणाचं पाऊल सरकलं नाही.

कचेरीसमोर नाचलो. आमच्या नाचात शेजारच्याच्या तळव्यावर टाळी द्यायची असते. माझी अन् सुनेची टाळी घमेल्यावर हवेत जायची, आवाजच नाही. साहेब बाहेर आला. “हे उचला, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होते.”

“राहू द्या साहेब,” सून म्हणाली. “त्याइचे हात धुवायचे राह्यलेत.”

त्या दिवशी काही झालं नाही. मग दर बाजाराच्या दिवशी जायला लागलो. खूप दिवसांनी कागदावर एक ओळ वाढली, ‘नेल्याचे नातेवाईक सांगतात.’ बाईला बरं वाटलं. मीही तिला चहा पाजला. पण नातेवाईक सांगतात म्हणजे आम्हीच सांगतो. ते तर आम्हाला ठाऊकच होतं.

या होळीला तांड्यात फेर धरला. घमेलं मी मुद्दाम घरी ठेवलं. म्हटलं, सणाला सारखं माझंच दुःख कायले मध्ये मांडायचं, आज सरकू द्या पाय, भरू द्या फेर. डफ वाजला. एक फेरी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. माझ्या अन् सुनेच्या मध्ये एका माणसाएवढी जागा तशीच. कोणी काही बोललं नव्हतं. सरकू नका, सरकू नका म्हणून मीच तर शिकवलं होतं त्यांना.

मग मीच सरकायला पाहिलं, सुनेच्या बाजूला, अर्धंच पाऊल. पाय उचलला. तो होता तिथंच परत पडला.