फ्रेममधला माणूस लांब हवा

लँडस्केपमध्ये माणूस कुठे उभा करायचा, हे मला बरोबर कळतं. आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमधले बाकीचे नुसते डोंगर आणि ढगांच्या मागे धावायचे आणि फोटो सपाट आला की कॅमेऱ्याला शिव्या घालायचे. अरे, डोंगर केवढा आहे हे कळायला समोर काहीतरी छोटं नको का? एक माणूस, पाठमोरा, लांब. बस्स! घटस्फोटानंतर वर्षभर माझा कॅमेरा कपाटातच पडून होता, नोकरीही घरूनच. पण ते असो, गोष्ट बाबांची आहे.

बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गुडघा नवा, माणूस जुनाच. डॉक्टरांनी बजावलेलं, रोज चाला, नाहीतर पाय आखडेल आणि मग माझ्या नावाने ओरडू नका. बाबा वर्तकनगरच्या आमच्या घरात खिडकीशी खुर्ची लावून बसले ते बसलेच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला चहा पाजून परत पाठवलं. "मला आता कुठे धावायचंय?" एकच पालुपद. मी चिडले, हातापाया पडले, अबोला धरला. ढिम्म! काठी टेकत बाथरूमपर्यंत जायचं आणि यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. पाय दिवसेंदिवस ताठ होत चाललेला आणि मला जाम भीती वाटायला लागलेली.

मग एका शनिवारी मी कॅमेरा बाहेर काढला. "बाबा, उद्या उपवनला येता का? फ्रेममध्ये माणूस हवाय, कुणी मिळत नाहीये."

वाटलं, नाहीच म्हणणार. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लाल स्वेटर घालू का?"

लागला मासा गळाला! पहिल्या रविवारी त्यांना तळ्याच्या कठड्याशी उभं केलं, गाडीपासून जेमतेम चार पावलांवर. पुढच्या वेळी येऊरच्या पायथ्याशी, जरा लांब.

"अजून पुढे, बाबा! डोंगर मोठा दिसत नाहीये!"

"मोठा कसला दिसेल? आहे तेवढाच आहे तो," असं पुटपुटत ते पुढे जायचे. फोटो झकास येत होते, उगाच विनय कशाला दाखवू? पण खरं सांगायचं तर मी झूम करून आधी त्यांचा गुडघाच बघायचे, वाकतोय की नाही. वाकत होता. दर रविवारी मी त्यांना आणखी थोडं पुढे सरकवत होते आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

असेच एकदा आंबिवलीजवळ काळू नदीच्या काठी गेलेलो. थंडीची सकाळ होती, पाण्यावर धुकं, आणि काठाने जाणारी पायवाट पार पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत. मी म्हटलं, त्या बाभळीपाशी थांबा. बाबा निघाले. बाभळीपाशी क्षणभर रेंगाळले आणि पुढे चालू लागले.

"बाबा, बस्स! तिथेच!"

मागे न बघता त्यांनी नुसता हात हलवला. मी कॅमेऱ्याला डोळा लावला तर काठी बाभळीला टेकवून ठेवलेली. आणि लाल स्वेटर दोन्ही हात मोकळे सोडून चाललेला. क्लिक करायचं राहूनच गेलं. मी तिथेच उभी राहून ढसाढसा रडले. जिंकले होते मी!

मग डोळे पुसले, ट्रायपॉड मिटला, काठी उचलली आणि टपरी गाठली. बाबा माझ्याकडे पाठ करून बाकावर बसलेले. टपरीवाल्या मावशी त्यांना विचारत होत्या, "काठीबिठी नाय, एवढं चालत आलात. पाय नाय दुखत?"

"दुखतो हो. रात्रभर ठणकतो," बाबा म्हणाले. "पण काय करणार? पोरगी वर्षभर घराबाहेर पडली नव्हती. कुणाशी धड बोलायची नाही, जेवायची नाही. आता हा फोटोचा नाद परत लागलाय तर दर रविवारी बाहेर येते, माझ्यावर ओरडते, हसतेसुद्धा. मी चालायचं थांबलो की ती परत घरात बसेल."