चालत्या बोटीत पुढची बोट

बोटीवर माणसं दोनच कामं करतात, झोपतात किंवा बोलतात. भर समुद्रात तिसरं काही करण्यासारखं नसतंच. त्यामुळे आमच्या मुंबई-रत्नागिरी बोटीवर किस्से साचतात, तळाला पाणी साचतं तसे. पाणी पंपानं उपसता येतं. किस्से चहाबरोबर कितीही सांगा, कमी होत नाहीत. मित्र म्हणतात, लिहून काढ. मी आठवीतून शाळा सोडलेला. पण बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं पडतं. कागद मध्येच "काय? मोठ्यानं बोल," असं म्हणत नाही.

मी बोटीच्या कँटीनमध्ये कपबशा धुवायचो. गेल्या मोसमात कंपनीनं नवीन टूम काढली. बोटीत बसलेल्या माणसानं बोटीतच पुढच्या खेपेचं बुकिंग करायचं, म्हणजे बंदरावरच्या ऑफिसात रांग नको. लोअर डेकवर जिन्याजवळ एक टेबल मांडलं आणि मुंबईहून एक क्लार्क आणून बसवला. तो पहिल्याच खेपेला लाटांनी आडवा झाला. रत्नागिरीला उतरला तो थेट एस्टी स्टँडवर गेला.

आमचे परसर फर्नांडिस साहेब. परसर म्हणजे बोटीवरची तिकिटं आणि प्रवासी सांभाळणारा अधिकारी. त्यांनी मला बोलावलं.

"तुझं अक्षर बरं आहे. टेबलावर बस."

"साहेब, मला लोकांशी बोलता येत नाही."

"बुकिंग लिहायला बसवतोय. कीर्तनाला नाही."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पावसाळ्यात बोटी बंद होतात. त्याआधी हेड ऑफिसचे मोठे साहेब येऊन बघणार होते. टेबलाशी माणसं दिसली तर टेबल राहील. नाही तर टेबल कँटीनला, आणि टेबलाबरोबर मीही.

इकडे आईनं सगळ्या वाडीत सांगून टाकलं होतं की मुलगा बुकिंग क्लार्क झाला. आणि मलाही त्या खुर्चीवर बसल्यावर जन्मात पहिल्यांदा कुणीतरी "अहो" म्हणालं होतं. परत बशांकडे जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

* * *

पहिल्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या त्या लांज्याच्या एक बाई. पहिल्यांदाच बोटीनं निघालेल्या. बोट नुकती सुटली होती. पुढच्या खेपेला सासूबाईंना आणायचं त्यांच्या मनात होतं.

त्यांनी विचारलं, "काय हो, बोट लागते का?"

मी म्हटलं, "लागते ना. न चुकता लागते. आधी जयगडला लागते, मग दाभोळला, मग सकाळी मुंबईला."

बाईंचा चेहरा उतरला. "एवढ्या वेळा?"

"हो. वारा असला तर जरा उशिरा लागते. पण लागते."

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याला हाक मारली. "अहो, सासूबाईंना एस्टीनंच आणू या. हे तर स्वतः कबूल करतायत."

कँटीनचे अंतामामा पलीकडून ऐकत होते. म्हणाले, "अरे मेल्या, त्या पोटातलं विचारत होत्या. तू बंदरं काय मोजतोस?"

* * *

दुसऱ्या दिवशी मी शहाणपण केलं. बाकी काही बोलायचं नाही, फक्त कामाचं विचारायचं. "जायचं की यायचं?" म्हणजे मुंबईला जायचं की रत्नागिरीला यायचं. उत्तर लिहायचं आणि मोकळं व्हायचं.

पहिला म्हणाला, "यायचं." दुसरा म्हणाला, "यायचं." तिसऱ्या म्हाताऱ्या आजी होत्या. त्या माझ्यावरच उखडल्या.

"भर समुद्रात माणसाला जायचं काय विचारतोस रे? घरातून निघताना तरी कोण 'जाते' म्हणतं? येते म्हणावं. लिही, यायचं."

मी लिहिलं. मागचे सगळे मान हलवत होते. मग मी कुणालाच विचारलं नाही. सगळ्यांपुढे "येणे" लिहून टाकलं.

परसर साहेबांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसून परत पाहिलं. "छान. सगळे येणार. जाणारा एक नाही. मग मी बोट मुंबईला रिकामी नेऊ, की इथेच माडाला बांधून ठेवू?"

तिसऱ्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. "कुठून चढणार?"

पहिल्याच माणसानं उत्तर दिलं, "शिडीनं."

* * *

आमच्याकडची माणसं उधळी नाहीत, हे टेबलावर बसल्यावर नीट कळतं. रत्नागिरीचे एक निवृत्त मास्तर होते. दर खेपेला टेबलाशी येऊन उभे राहायचे, घ्यायचे मात्र काही नाही.

"आत्ता घेतलं तर स्वस्त पडेल का?"

"नाही मास्तर. भाडं तेवढंच."

"मग माझा फायदा काय?"

मी विचार करून म्हटलं, "पुढच्या खेपेला जागा मिळेल की नाही, याची काळजी नाही."

"अरे, काळजी नसली तर प्रवासभर मी करू काय?"

* * *

आणि गणपतीचं तर विचारूच नका. दहातले आठ जण विचारायचे, गणपतीचं बुकिंग करा. मी सांगायचो, भाद्रपदात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा बोटी बंद. दिवाळीच्या सुमाराला सुरू होतात. एक गिरणी कामगार होता, आडदांड. तो टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"दिवाळीला बोट देतोस?"

"हो."

"मग गणपतीला काय सांगू? वाईच उशिरा बस म्हणू?"

* * *

वेळणेश्वरकडच्या एक आजी रत्नागिरीहून घरी निघालेल्या, जयगडला उतरणार होत्या. त्यांना मी अगदी आवाज चढवून सांगितलं, "आजी, पुढच्या खेपेची जागा आत्ताच धरून ठेवा." माझा आवाज चढला म्हणजे दुसऱ्याच्या साध्या बोलण्याएवढा होतो, पण आजींना ऐकू गेलं. "बरं झालं सांगितलंस रे बाबा," म्हणाल्या आणि गेल्या.

जयगड मागे पडल्यावर मी डेकवर फेरी मारली. कोपऱ्यात, वारा लागत नाही अशा झकास जागी, एक चटई अंथरलेली. चटईवर मधोमध नारळ. बोटीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण त्या चटईवर कुणी बसलेलं नव्हतं.

मी विचारलं, तर शेजारची माणसं म्हणाली, "आजींची जागा आहे. बुकिंगवाल्यानं धरायला सांगितलीय."

मुंबईला झाडूवाल्यानंही चटई उचलली नाही. नारळ ठेवलाय म्हणजे काहीतरी देवाचं असणार, असं तो समजला. चटई तशीच परत आली. जयगडला आजी शिडी चढून आल्या, सरळ कोपऱ्यात गेल्या, नारळ पिशवीत टाकला आणि पाय पसरले.

परसर साहेब तिकीट बघायला गेले, तर त्यांनाच विचारतात, "मधल्या वेळात कुणी बसलं नाही ना?"

साहेब म्हणाले, "नाही आजी. आमची हिंमत नाही."

* * *

मे महिना संपत आला आणि हेड ऑफिसचे साहेब आले. उत्तरेकडचे होते, मराठी कळत नव्हतं. रत्नागिरीला चढले आणि माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. सुटी संपवून मुंबईला परतणाऱ्यांनी डेक भरला होता, पण टेबलाशी कुणी येईना. समुद्रही नेमका त्याच दिवशी उसळलेला.

मी उठून चटई-चटईशी जाऊन विचारलं. लांज्याच्या आतल्या बाजूच्या तीन-चार गावांची माणसं एकत्र बसली होती. सगळ्यांचं एकच उत्तर. "दिवाळीचं आत्ता कसं सांगू? देवाला विचारल्याशिवाय आम्ही ठरवत नाय." आमच्याकडे महत्त्वाचं काही करायचं तर आधी देवाला विचारतात. आता भर समुद्रात मी देऊळ कुठून आणू?

त्यांच्यात धोंडूआप्पा होते. गावच्या देवळात देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराचा. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं.

"तोंड का असं झालंय रे तुझं?"

"आप्पा, आज कुणी बुकिंग केलं नाही तर टेबल जाईल. मीही जाईन."

"हे असलं तोंड घेऊन विकायला बसलास, तर लोक औषध देतील, पैसे नाय देणार."

त्यांनी डेकवरच्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग खांब धरून उठले, टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि देवळात लावतात तोच आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरं पोटासाठी मुंबईस निघालीत..."

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला माणसांनी होकार द्यायचा असतो. झोपलेली माणसंसुद्धा सवयीनं उठून बसली.

"व्हय म्हाराजा!"

"पाऊस सरल्यावर दिवाळीस त्यांना ह्याच बोटीनं सुखरूप घरी आण..."

"व्हय म्हाराजा!" आता दुसऱ्या टोकाकडूनही आवाज आला.

"आणि त्यासाठी ह्या पोराच्या टेबलाशी आत्ताच जागा धरायची बुद्धी सगळ्यांस दे..."

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झाल्यावर माणसं एकमेकांकडे बघू लागली. आपण कशाला होकार दिला, ते तेव्हा लोकांच्या लक्षात आलं.

आप्पांनी डोळे उघडले. "झालं. देवासमोर व्हय म्हणालात. आता रांग लावा."

रांग जिन्यावरून वर गेली. मी एका बाजूनं लिहीत होतो, परसर साहेब दुसऱ्या बाजूनं. हेड ऑफिसचे साहेब उभेच राहिले होते. गर्दी जरा कमी झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ये महाराजा कौन हैं? पूरी बोट एक आवाज़ में उनको हाँ बोलती है."

माझं हिंदी माझ्या आवाजासारखंच. मी म्हटलं, "बड़े हैं, साहब."

"वो तो दिखता है. उनका खुद का बुकिंग? केबिन, या अप्पर डेक?"

खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "लोअर डेक, साहब. सबके साथ."

साहेबांनी आप्पांकडे बघून अदबीनं मान लववली. मग परसर साहेबांकडे वळले. "टेबल यहीं रहेगा, और लड़का भी. और फर्नांडिस, अगली बार महाराजा साहब को ऊपर केबिन दीजिए. मेरी तरफ़ से."

फर्नांडिस साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा."